बांध नसलेली जमीन

दगाजी बेडसे मोटरसायकलवर मागे बसून आले,
संस्थेचा कॉम्प्युटर गोणपाटात, मांडीवर,
दवाखान्यात पोर आणावं तसा.
पिंपळनेरला स्टँडमागे माझं दुकान, दहा बाय आठ.
"डी दखास नही, ताई."

डीमध्ये पाणीपाळीच्या नोंदी, एकोणीस वर्षांच्या.
भाच्यानं रात्री विंडोजशेजारी लिनक्स टाकायला घेतलं.
पडद्यानं विचारलं: शेजारी बसवू, की सगळी डिस्क वापरू?
पोरानं दुसऱ्यावर बोट ठेवलं.
अकरा टक्क्यांवर घाबरून वायर उपटली.

मी म्हटलं, बसा.
आत भिंती नसतात, दगाजी. सलग रान असतं.
अगदी आरंभाला, नखाएवढ्या जागेत, एक चिठ्ठी:
इथपासून इथपर्यंत सी, तिथून पुढे डी.
मशीन चिठ्ठी वाचतं आणि विश्वास ठेवतं.
पोरानं फाडली ती चिठ्ठी.

ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
बारा वर्षं पांझरेवर पाटकरी होते.
"फडमा कुंपन नही ऱ्हास," म्हणाले.
"ऊस कोठे सरस, गहू कोठे लागस,
पाटकरीले मालूम. तो मरना
तरी जमीन कोठे जास नही."

जात नाही. पण वरून नांगर फिरला तर?
ते मी बोलले नाही.
शोधायला लावलं. सेक्टरमागून सेक्टर,
कुठे जुन्या हद्दीचा दगड दिसतो का.
चार तास दाखवत होतं. साडेसहा लागले.

मध्ये चहा दोनदा, भजी एकदा.
"ताई, सीपासून कसं काय सुरू? ए, बी कोना?"
फ्लॉप्यांच्या.
"त्या कोठे शेत?"
वारल्या.
"आनि नाव अजून लागेलच?"
लागलेलंच. सातबाऱ्यावर असतं तसं.
तेव्हा पहिल्यांदा हसले.

भाचा दारात उभा, आत येईना.
त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी सांगत होते
की लिनक्समध्ये अक्षरं नसतातच,
एक मूळ, आणि डिस्क कुठलीही असो
त्याच्याच एखाद्या फांदीला आणून जोडायची.
"म्हंजे भाऊबंदकी नही," दगाजी म्हणाले.
आहे, म्हटलं. फक्त आडनाव एकच.

संध्याकाळी सहाला सी गेल्याचं नक्की झालं.
तिच्यावर नवं पेरलं गेलं होतं.
डी सापडली. तिच्या हद्दीपर्यंत नांगर पोचलाच नव्हता.
पाळी क्रमांक एकपासून सगळ्या फायली,
एका फोल्डरचं नाव 'नवीन', आत आणखी एक 'नवीन'.

दगाजींनी खिशातून वही काढली.
डी कुठल्या आकड्याला लागते, कुठल्या आकड्याला सरते,
निळ्या पेनानं, आकडा आकडा मला परत विचारून.
खाली तारीख. खाली भाच्याची सही घेतली.

मग पडद्यावर बोट नेलं,
डिस्कच्या अगदी शेवटी एक बारीक काळी पट्टी.
"आनि हाई कोनी?"
आठ एमबी. कोणाचीच नाही.
वाटणी करताना उरते. हवी तर डीला जोडून देते.

"नको," म्हणाले, गोणपाट झटकत.
"ऱ्हाऊ द्या.
औत फिरावाले जागा लागस."