बजावणी

यंत्रं आली त्या सोमवारी हुकूम निघाला,
दोरे कापा.

सव्वीस वर्षं मी फायली शिवल्या वाल्गाच्या कोर्टात.
दाभणानं तीन भोकं, मेण लावलेला दोरा,
मागे गाठ, गाठीवर चिकटपट्टी, पट्टीवर शिक्का.
पान कोणी काढलंच तर गाठ चुगली करेल
असा तेव्हाचा विश्वास.
आता कात्री.
टालिनहून आलेला रास्मुस सांगतो, पानाला चार सेकंद.
तेरा लाखांच्या देशाला चार जिल्हा न्यायालयं पुरे.
खरंच पुरे असतील. मी हिशेबनीस नाही.

शहाण्यानं चढू नये म्हणतात
ती पायरीच नव्या इमारतीला नाही.
उतार आहे. काच आपणहून सरकते.
वेडा-शहाणा दोघंही सारख्याच सहज आत.

बुधवारी, चारच्या सुमारास,
कुकेमेल्क विरुद्ध शेजारी एल्मार.
वाद विहिरीचा. दोन अंगणांमध्ये एक विहीर,
झाकणावर एल्मारचं कुलूप.
शेवटच्या पानामागे शिवलेलं पाकीट,
न फोडलेलं.
वर टपालाचा शेरा : या नावाचा रस्ता नाही.

एक्क्याण्णवची शरदातली ती तारीख.
देश बदलला, त्याच पंधरवड्यात पाट्या बदलल्या.
पोस्टमनला नवी पाटी पाठ,
आम्हाला जुनी.
मी पाकीट फोडलं. निकाल दीड पानाचा :
विहीर दोघांची, कुलूप काढावे.

आणि ऑस्वाल्द कुकेमेल्क
पंधरा हिवाळे माझ्या खिडकीखालून
घसरगाडीवर दुधाचा कॅन ओढत
चौकातल्या पंपावर जायचा.
मी त्याला पाहून पडदा नीट करायची,
ऊन फाईलवर येऊ नये म्हणून.

गाठ उलटी होती, डावखुरी.
या कोर्टात डावखुरी मी एकटीच.

पडद्यावर चौकट : बजावणी झाली / झाली नाही.
रास्मुस म्हणाला, पुढे चला, मुदत केव्हाच संपली.
मुलगा चांगला आहे. त्याला रात्रीची गाडी गाठायची होती.

मी कोट घातला.

कासे रस्ता, नऊ नंबर. दार त्यानंच उघडलं.
चष्मा शोधण्यात बराच वेळ गेला.
वाचलं. परत पहिल्या ओळीपासून वाचलं.
एल्मारला जाऊन सहा वर्षं झाली, म्हणाला,
विहीर त्याच्या पोरानं बुजवली, नळ आले तेव्हा.
तिथं आता काळी मनुका लावलीय, बरी येते.
मग थोडं थांबून,
"म्हणजे मी जिंकलो नव्हतो. अर्धाच."
"अर्धे," मी म्हटलं.
तेवढ्यावर तो हसला की खोकला, कळलं नाही.

पोचपावती पुढे केली.
सही केली त्यानं, संथ, शाळेतल्यासारखी,
आणि पेन तसंच धरून विचारलं :
तारीख कुठली टाकू?