मिटवामिटवी

रात्रीचे पावणेदोन. खारघरच्या टेकडीखाली
प्रयोगशाळेत यंत्र एकेक पेशी मोजतंय
आणि मी दाराबाहेर उभी राहून चकली खाते,
कारण आत खायचं नसतं.

नमुना एकशेबारा. फुप्फुसातली गाठ.
गाठीत लढाऊ पेशी आहेत, चिक्कार आहेत,
पण हाताची घडी घालून उभ्या.
त्यांच्यामधून फिरताहेत दुसऱ्या,
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातला तो दाट पुंजका,
शरीरानेच नेमलेल्या, समजूत घालणाऱ्या:
जाऊ दे. आपलंच आहे ते.

आमचे बाबा असेच. हिराजी घरत, मुर्बीचे.
बांधावरून कोयते निघाले की मधे जाऊन उभे राहत
आणि कोयते निमूट गवताकडे वळत.
गावाने गावालाच खाल्लं नाही, ते त्यांच्यामुळे.

मग बिल्डरचा एक माणूस ओटीवर येऊ लागला.
पैसे? छे, कधीच नाही.
नुसता एक शब्द, रोज, थोडा थोडा:
"दादा, तुमच्याबाहेर गाव नाही."
बाबा त्या शब्दावर वाढले.
पोरं मोजणी अडवायला निघाली तेव्हा
तेच मधे उभे राहिले, हात पसरून.
आमच्या साडेबारा टक्क्यांवर आता अठ्ठावीस मजले आहेत.

गाठही हेच करते. पाझरवत राहते
टीजीएफ-बीटा, वाढीचा एक साधा घटक,
आईच्या दुधातही असतो तो.
कोवळी पेशी तो ऐकते आणि शांतवायला शिकते.
शेजारी आग लागलेली असली
तर त्याच शब्दाने पेटायलाही शिकते.
हे मला तिसऱ्या वाचनात कळलं.

"मग काढूनच टाकायच्या ना या मिटवणाऱ्या,"
नवा मुलगा, शार्दूल, सहज म्हणाला.

मी त्याला रेशमाबद्दल सांगितलं नाही.
माझी धाकटी. तिच्या अंगात
समजूत घालणारं कुणी पुरेसं उरलेलं नाही.
सकाळी तिला कपाचा कान धरता येत नाही,
तिचंच रक्त तिचे सांधे कुरतडतं.

यंत्र थांबलं. एकोणतीस टक्के.
आकडा लिहिला. पुन्हा पाहिला.

बाबा हल्ली त्याच इमारतीसमोर बाकावर बसतात,
वॉचमन आणि रिक्षावाल्याचं भांडण मिटवतात.
विचारायचंय त्यांना कधीतरी,
तो शब्द कानात पडत होता तेव्हा
आवाज कुणाचा आहे
हे कळत होतं का.