सोळा नंबर

रात्री पावणेबाराला सोळा नंबर अडला.
बेतुलच्या डोंगरावरच्या खोलीत मी एकटी,
चहावर साय धरलेली,
आणि स्पीकरमधून कांदा परतल्याचा आवाज.

एकशे छप्पन पूर्णांक आठ मेगाहर्ट्झ.
ही वाट कोणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची.
इथे फक्त हाक मारायची,
मग दुसऱ्या नंबरावर सरकून
बर्फाचं, डिझेलचं, जावयाचं काय ते बोलायचं.
बुडणाऱ्याला इथे पहिला मान.
बाकीच्यांनी वाट मोकळी ठेवायची.

कुठल्या तरी ट्रॉलरवर माईक जाळ्याखाली सापडला होता,
बटण दबलेलं.
आणि ज्याचं बटण दबलेलं असतं
त्याला काही ऐकू येत नाही.
हे मी यंत्राबद्दल सांगते आहे.
त्याला ओरडून सांगावं तर कान बंद,
सगळा किनारा मुका, आणि तो
कांद्यात मीठ घालतोय.

माझा बाप असोळण्याच्या बांधावर मानस राखायचा.
लाकडी फळ्या: ओहोटीला आपोआप उघडणाऱ्या,
भरतीला आपोआप मिटणाऱ्या.
दर वर्षी मानशीची पावणी व्हायची, मोठमोठ्याने बोली,
जिंकेल त्याने तोंडाशी जाळं लावायचं.
मी विचारलं होतं, पाणी विकतात?
पाणी कसं विकतील, तो म्हणाला,
पाण्याची वेळ विकतात.
आणि एकाने लोभाने फळी अडवून धरली
तर वरच्या चाळीस जणांचं भात खारं.
पुढे दिल्लीहून हवेच्या लिलावाची परिपत्रकं आली,
जाड इंग्रजीत,
तेव्हा मला एकटीलाच ती सोपी गेली.

अँटेना घेऊन बाहेर आले.
हळूहळू फिरवत गेले, काटा जिथे ताठ झाला
तिथे नकाशावर एक रेघ.
फोनवर काब द रामहून एर्मेलिंदने दुसरी सांगितली.
रेघा जिथे छेदल्या तिथे खोल पाणी
आणि बोनिफास पात्रांवची ‘स्तेला मारिस’.
शाणू पागीला उठवलं. शिव्या देत त्याने होडी काढली.

तोवर ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

कांदा झाला. गॅस बंद झाल्याचा टक् आवाज.
मग एक गळा, बालासोरकडचा असावा,
अनुनासिकं सगळी चुकलेली:
“पात्रांव, म्हाका आठ दीस सुटी जाय.”
थांबला. पुन्हा, जरा खालच्या पट्टीत:
“पात्रांव, आठ दीस. घरा भुरगें जालां.”
मग हसत म्हणून पाहिलं. ते जमलं नाही.
मग रागाने. ते तर मुळीच नाही.
“चली जालां, पात्रांव.”
हे मात्र त्याने एकदाच म्हटलं,
आणि बराच वेळ नुसतं पाणी फळीवर आपटत राहिलं.

पाणी नव्हे, पाण्याची वेळ.
त्या वेळी कोणी बुडत असतं
तर त्याची हाक या आवाजाखाली गेली असती.
नियम मला पाठ आहेत.
तरी खरं सांगते, शाणू जरा उशिरा पोचावा
असं वाटलं.

बारा पाचला खरखर थांबली.
किनारा पूर्ण गप्प.
बेतुल, कुटबण, खोला, तळपण,
साठ-सत्तर रेडिओ उघडे,
आणि त्यांतला एक बोनिफासच्या उशाशी.

मग बहुतेक सगळ्यांनी एकदमच बटणं दाबली.
एकदम दाबली की शब्द एकमेकांना खातात,
उरते नुसती शिट्टी, कान फाडणारी.
कोण काय म्हणालं, कोणालाच कळलं नाही.
बोनिफासला कळलं असावं.
शिट्टी विरल्यावर त्याचा खोकला ऐकू आला,
मग: “बरें, बरें. आतां चॅनल सोडात.”

नोंदवहीत मी लिहिलं:
अडथळा वीस मिनिटं. कारण, दबलेला माईक.
त्यानंतरचा अडथळा, नऊ सेकंद.
कारणाचा रकाना
मी कोरा ठेवला.