काट्याचं शून्य

डोर्लीकर मॅडमनी उत्तराभोवती लाल गोल काढला
आणि बाजूला लिहिलं : टायर फुटला!

गणित असं होतं. सकाळी तीस अंश सेल्सिअस,
टायरच्या काट्यावर बत्तीस.
दुपारी सत्तेचाळीस. आता काटा किती दाखवेल?
मी सरळ गुणलं, सरळ भागलं,
पन्नास आले.
सक्करदऱ्याच्या चौकात बारा वर्षं हवा भरणारी बाई मी,
पन्नास लिहिताना हात कसा थांबला नाही?

बाबा असते तर हसले असते, पार खोकला लागेपर्यंत.
नवतपा लागला की गिऱ्हाइकाला बजावायचे,
"दोन पाइंट कमीच ठेवा भाऊ,
ऊन भरते बाकीची."
ऊन भरते.
पुस्तकातला अख्खा परिच्छेद दोन शब्दांत,
आणि वर हवेचे पैसे घेत नसत.
"हवा का माह्या बापाची हाये?"

बॉइलचा नियमही त्यांनीच शिकवला, बॉइल माहीत नसताना.
सात वर्षांची होते. हातपंपाच्या नळीचं तोंड
माझ्या अंगठ्याने बंद करायला लावलं
आणि दांडा खाली रेटला.
"लागलं का वं?"
लागलं. अर्ध्यावर येईतो हवा जागी झाली होती,
तिला तिची जागा परत पाहिजे होती.
पंप गरम. अंगठ्यावर गोल वळ.
सत्तावीस वर्षांनी महालातल्या रात्रीच्या वर्गात
आलेखाच्या कागदावर ती वाकत जाणारी रेषा काढली
तेव्हा पेन त्याच अंगठ्याने धरलं होतं.

मॅडमनी दोन चुका सांगितल्या.
दोन्ही शून्याच्या.

"सेल्सिअसचं शून्य पाण्याचं आहे, हवेचं नाही.
हवेचं अजून दोनशे त्र्याहत्तर पायऱ्या खाली."
फळ्यावर त्यांनी रेषा मागे मागे नेली,
आधी अखंड, मग तुटक.
तुटक, कारण तिथवर कुणी पोचलेलं नाही,
आणि जाता जाता वाटेतच हवा हवा राहत नाही,
थिजते, टेकते, शेजारणीला धरून बसते.
आदर्श वायू तेवढा धरत नाही.
त्याचे कण एकमेकांना ओळखतच नाहीत,
धरमपेठेतल्या फ्लॅटवाल्यांसारखे.

मला झिरो माइलचा खांब आठवला.
तिथून सगळी गावं मोजायचे म्हणे.
पण खांबाच्या बुडाशीही नागपूर असतंच की,
सिग्नल, रसवंतीची घंटी, दुपट्ट्यात तोंड बांधलेल्या पोरी.

"आणि काट्यावर शून्य आलं
की टायरात काहीच नसतं का, कुंदा?"
वर्गात टायरवाली मी एकटीच. आणि मीच गप्प.
"असते. बाहेर जेवढी, तेवढी.
काटा फक्त वरचं मोजतो."

बत्तीसमध्ये चौदा पूर्णांक सात मिळवले,
तिसात आणि सत्तेचाळिसात दोनशे त्र्याहत्तर.
पुन्हा गुणलं, पुन्हा भागलं,
उसने घेतलेले चौदा पूर्णांक सात परत केले.
चौतीस पूर्णांक सहा.
दोन पाइंट, वर थोडे.
बाबा.

मार्चात दुकान तेरा दिवस बंद होतं.
चौदाव्या दिवशी शटर वर केलं
तर कॉम्प्रेसरचा काटा शून्यावर टेकलेला.
कुठूनतरी गळत होती टाकी. साबणाच्या पाण्याने
गळती शोधायची असते, मला येतं ते,
पण मी तशीच बसून राहिले फरशीवर,
रिकाम्या टाकीला पाठ लावून.
रिकामी नव्हती.

आज सकाळी नऊलाच बेचाळीस.
पहिला ऑटोवाला आला. तिन्ही चाकं पाहिली,
नेहमीपेक्षा दोन कमी भरली.
"कमी कायले, ताई?"
सांगितलं.
त्याने मान हलवली, सगळं कळल्यासारखी,
आणि तसाच निघायला लागला.

पाच रुपये घेतले मी त्याच्याकडून.
कॉम्प्रेसर विजेवर चालतो,
आणि आलेखाची वही
महाग झाली आहे.