पोटामागे पाच रुपये

तळपणच्या पुलाखाली, भरती ओसरली की
शेवंती पागी दगडावर सुरी लावते.
तीन वर्षं मी तिच्याकडून पोटं विकत घेते आहे:
बांगड्याची, तारलीची, क्वचित पेडव्याची.
पोटामागे पाच रुपये, प्रकल्पाच्या खात्यातून.
पावतीवर तिची सही, वळणदार, चौथीच्या पाटीवरची.

पहिल्या दिवशी ती हसली होती.
"पोटाचेय पयशे? हें आमी माजराक घालतात गो."
मांजर शेजारीच होतं, एका कानाने फाटकं.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
नव्या हिस्सेदाराकडे पाहावं तसं.

मी फॉर्मालिनमध्ये बुडवते, चिठ्ठी लावते,
तारीख, लांबी, वजन, पाण्याचं तापमान.
मग काचेखाली उघडते:
आत मिशा असलेले जीव, कण्यांहून बारीक,
आणि त्यांनी चरलेली हिरवट धूळ.
एका बांगड्यात एक अख्खं शिवार.

शेवंतीला काच लागत नाही.
अंगठ्याने दाबते आणि सांगते,
हा खोल पाण्यातला. हा नदीच्या तोंडाशी चरला.
ह्याला चार दिवस कोणी जेवायला बोलावलेलं नाही.
तीनदा मी तपासून पाहिलं.
तीनदा तीच बरोबर.

पहिल्या वर्षी मिशावाले मोठे होते.
दुसऱ्या वर्षी तेच, पण बुटके,
घरातल्या फक्त धाकट्यांनीच पंगतीला यावं तसे.
त्या डिसेंबरात रात्रीचं पाणी निळं पेटलं.
पर्यटक मोबाईल घेऊन गुडघाभर उतरले.
सकाळी किनाऱ्याला हिरवी पेज लागली होती,
आणि रांपणीत जेलीफिश, इतके जड
की कायतान बार्रेतोने दोर कापून जाळं सोडून दिलं,
हात व्हिनेगरच्या बादलीत बुडवले
आणि आजोबांच्या पोर्तुगीजमध्ये शिव्या घातल्या,
ज्यांचे अर्थ त्यालाही ठाऊक नव्हते.

मग आला तो काळा, लाल दातांचा,
कातडी चपलेची, पाठीवरच्या काट्याला खटका.
गावात त्याचं नाव अजून ठरलेलं नाही.
शेवंतीची सुरी त्याच्यावर बोथटली.
तो टेम्पोत भरून कारखान्यात जातो, तिथे त्याचं पीठ होतं,
पीठ कोंबड्या खातात,
आणि आता तिच्या घरी रविवारी कोंबडी असते.
"मासळीच ती," म्हणते, "लांबून आलेली."

सरांच्या भिंतीवर बाणांचं चित्र आहे, कोण कोणाला खातं त्याचं.
वरच्या कोपऱ्यात माणूस, टोपीवाला, होडीत.
त्यात सुरी नाही, फाटक्या कानाचं मांजर नाही.
हल्ली पुलाच्या कठड्यावर नुसती बसून असणारी घार नाही.
शिनाण्यांचा खडक आहे,
पण शेवंतीच्या आईने खरवडलेला तो खडक
आता नुसताच खडक आहे. चित्र जुनं आहे.
मी सरांना म्हणाले. ते म्हणाले, बदलू.

काल मंगळवार. सतरा बांगडे, टीचभर.
तिने एकामागून एक चिरले, अंगठा न लावता, न बोलता.
सतरा पोटं, हवा गेलेल्या फुग्यांसारखी.
मी पंच्याऐंशी रुपये काढले.
तिने हात फडक्याला पुसला आणि मागे घेतला.
"रित्या पोटाचे पयशे हांव घेना."

मी समजावलं, रिकामं पोट हीसुद्धा नोंद असते,
शून्य लिहावं लागतं,
शून्यालाही बाटली लागते.
ती म्हणाली, मग लिही. लिहिण्याचे तू घे.

सतरा बाटल्या, सतरा चिठ्ठ्या.
पाणी एकतीस अंश.
मांजर केव्हा उठून गेलं,
आम्हा दोघींनाही कळलं नाही.