नदीचा पत्ता

मेक्सिको शहरात मी पाण्याचे मीटर वाचतो,
बावीस वर्षं झाली.
कुत्री मला ओळखतात, माणसं बिलापुरती.
तळं उपसून त्यावर बसलेलं हे अवाढव्य गाव
टँकरची वाट बघतं, आणि मी आकडे लिहीत हिंडतो.
कुठे पाणी मुरतंय हे शोधणं माझं काम.
आख्खी नदी मुरली,
तिचा मात्र मला पत्ता नाही.

मंगळवारी चिमालिस्ताकच्या दगडी गल्लीत
दोन्या एउलालियाच्या दारचा मीटर सापडेना.
"बोगनवेलीखाली बघ," म्हणाली,
मग काठी रस्त्याकडे रोखून,
"आणि तो पूल? तो कधी बघितलास?"

बघितला होता. दर महिन्याला त्याच्याखालून जातो.
कमान शाबूत. खाली हिरवळ, दोन बाकं,
तोंडावर टोपी घेऊन झोपलेला माळी.

"आई इथे चादरी धुवायची.
एकदा साबणाची वडी निसटली,
मी काठाकाठानं धावले, पार कोयोआकानपर्यंत.
मग नळ आले. नदीला आत घातली.
अजून रात्री फरशीला कान लावते.
कधी ती वाहते, कधी माझंच रक्त."
ब्याण्णव वर्षांची बाई फरशीवरून उठते कशी,
हे मी विचारलं नाही.

रविवारी निघालो. चढाच्या दिशेनं.
आधी हमरस्ता; त्याला तिचं नाव दिलंय,
मेलेल्या माणसांचं देतात तसं.
मग सान हेरोनिमोच्या उंच भिंती,
भिंतीवरून वाकलेलं डाळिंब,
धार लावणाऱ्याची बासरी, तो कुठेच नाही.
इतकी शांतता की खिशातल्या किल्ल्यांची लाज वाटली.

कोंत्रेरासला ती भेटली,
घरांच्या पाठीमागे, काळी, बाटल्या वाहणारी,
एका खिडकीतून तिच्यात चुळा भरणारा मुलगा.
मी मान खाली घालून पुढे गेलो,
ओळखीचं माणूस वाईट दिवसांत दिसावं तसा.

पहिला दिनामो. दुसरा.
होविताच्या टपरीवर निळ्या मक्याची भाकरी,
आत भोपळ्याची फुलं.
"वर पाणी आहे का?" मी विचारलं.
ती हसतच राहिली.

चौथ्या दिनामोच्या वर ओयामेलचं रान,
धुकं, शेवाळ, घोड्याची लीद,
आणि दगडांवरून उड्या मारत येणारी ती,
हात घातला तर हाडापर्यंत गार.
खरं सांगतो, मी आधी काटा शोधला.
तबकडी. आकडा.
वही उघडली, त्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना,
तशीच मिटली.
बराच वेळ बसलो. पायांत मुंग्या आल्या.

मंगळवारी एउलालियाला सगळं सांगितलं.
रान, धुकं, गारवा.
बाटलीत भरून आणलेलं पाणी तिनं हुंगलं
आणि बोगनवेलीला घातलं.

"साबण सापडला?"

मी गप्प.

"तू उलटीकडे गेलास," ती म्हणाली,
"तो त्या बाजूला गेला,"
आणि काठीनं उतार दाखवला.
तिकडे रोपवाटिकेची झाडं,
त्यांच्यापलीकडे गाड्यांची घरघर,
तिच्याखाली काय, ते मला माहीत नाही.

रविवारी जाईन म्हणतो.