एक जानेवारी दोन हजार नऊ

पापुनानं पेनड्राइव्ह माझ्या तळहातावर ठेवला,
जशी मी पस्तीस वर्षं गिऱ्हाइकाच्या तळहातावर
पुडी ठेवत आले :
रिकाम्या पोटी, एकदाच, आणि घाबरू नका.

लॅपटॉप वालिकोचा. बिजागरी सैल,
म्हणून पाठीला अक्रोडाचं खोकं टेकवलेलं.
विंडोज उघडेपर्यंत माझी कॉफी उकळायची,
गाळ खाली बसायचा, पिऊन कप पालथा व्हायचा.
वर रोज ती पाटी :
आपल्या आवृत्तीची मुदत संपली आहे.
मुदत संपलेलं फळीवरून काढणं हेच माझं काम होतं,
आता मलाच कुणी सांगतंय.

"मावशी, लोगो दिसायच्या आत एफ-बारा दाबा.
दाबतच राहा."
तीनदा चुकले. तीनदा विंडोज रमतगमत आलं.
चौथ्यांदा बोट असं रोवून धरलं
जसं शेजारणीच्या घंटीवर,
आतून रेडिओ ऐकू येत असताना.

काळा पडदा. पांढरी अक्षरं सरसर वर.
ती वाचायची नसतात, पापुना म्हणाला.
मला पटलं नाही.
गिळण्याआधी मी चिठ्ठी वाचते.

भाषांच्या यादीत जॉर्जियन सापडेना.
खाली, आणखी खाली.
सापडली तेव्हा मी चष्मा काढून पुसला, उगाच.

मग प्रश्न : डिस्क पुसून टाकायची?
फोटो आदल्या दिवशीच काढून घेतले होते,
द्राक्षांचे हिशेब,
पाणीपुरवठा खात्याला वालिकोनं लिहिलेले
एकोणीस तक्रारअर्ज (उत्तर एकालाही नाही).
"मावशी, काही राहिलं?"
राहिलं काय, ते राहून गेल्यावरच कळतं.
दाबलं.

बासष्ट टक्क्यांवर वीज गेली.
बॅटरी केव्हाच मेलेली,
तीन वर्षं वायर भिंतीतून काढली नव्हती.
रिओनीचा अख्खा काठ काळोखात
आणि पापुना, चौदा वर्षांचा,
पोट उघडं टाकून आलेल्या सर्जनसारखा.
"गेला का?" मी विचारलं.
"गेला नाही. फक्त आत्ता तो कुणीच नाहीये.
विंडोज नाही, लिनक्सही नाही."
चुर्चखेलाची माळ कापली.
मेणबत्तीपाशी दोघं अक्रोड चावत बसलो.

वीज आली तोवर त्याची आई त्याला घेऊन गेली होती.
दुसऱ्यांदा मी एकटीनं केलं.
एफ-बारा पहिल्याच दमात.
पुसू का, त्यानं पुन्हा विचारलं;
आता पुसण्यासारखं काही नव्हतं,
तरी हात थबकला.

शंभर टक्के.
झाडलेल्या अंगणासारखा पडदा.
कोपऱ्यात तारीख : एक जानेवारी दोन हजार नऊ.

पापुना फोनवर, झोपेत :
आत घड्याळाची बटणाएवढी बॅटरी असते, ती संपलीय.
वीज गेली की मशीन आपलं जुनं साल धरून बसतं.
वाय-फाय ओळखत नाहीये ना? मग फोनची वायर जोडा.
नेट आलं की तारीख आपोआप बरोबर होईल.

वायर हातात होती.

त्या एक जानेवारीला
वालिको पहाटे मुद्दाम घराबाहेर गेला होता,
कडी वाजवून परत आत यायला,
वर्षाचं पहिलं पाऊल हलक्या पायाच्या माणसाचं पडावं म्हणून.
बुटांना चिखल, खिशात गोळ्या,
आणि फरशी मी नुकतीच पुसलेली.
केवढी ओरडले होते.

कॉफी ठेवली. प्यायले.
गाळ बसेपर्यंत तारखेला हात लावला नाही.

मग जोडली.
एका उडीत आजचा दिवस आला,
मधलं एकही साल न दाखवता.
पाठोपाठ सूचना :
दोनशे एकतीस अपडेट बाकी आहेत, यादी बघायची?

मी चष्मा चढवला
आणि पहिल्यापासून वाचायला घेतली.